जर्मन पद्धतीचे बोर्ड गेम आणि पत्त्यांचे खेळ: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

‘जर्मन पद्धतीचा खेळ’ म्हणजे नक्की काय?

साप-शिडीत फासाच तुम्हाला खेळवतो. व्यापारमध्ये एकाचं दिवाळं निघतं आणि बाकीच्यांचा डाव संपेपर्यंत तो बिचारा मोबाइल बघत बसतो. जर्मन पद्धतीच्या खेळांत या दोन्ही गोष्टी मुद्दाम टाळलेल्या असतात. नशीब असतं, पण आलेल्या दानाचं काय करायचं हे तुम्ही ठरवता. शेवटपर्यंत कुणी बाद होत नाही. टाइल संपल्या, कुणाचे १० गुण झाले, कुणाचे रेल्वेचे डबे संपत आले, असा शेवट आधीच ठरलेला असतो. मग गुण मोजायचे. दुसऱ्याला चिरडण्यापेक्षा मोक्याची जागा त्याच्याआधी पटकावणं, ही यातली खरी चुरस. बहुतेक खेळ ४५ ते ९० मिनिटांत आटोपतात आणि डब्यावर खेळ रचणाऱ्याचं नाव ठळक छापलेलं असतं. नाव जर्मन पडलं असलं तरी सगळे रचनाकार जर्मन नाहीत. स्प्लेंडर हा खेळ रचणारा मार्क आंद्रे फ्रेंच आहे.

डब्यावर लाल किंवा काळपट सोंगटीचं चिन्ह असतं, ते कशाचं?

‘श्पील देस यारेस’ म्हणजे ‘वर्षाचा खेळ’ या जर्मन पुरस्काराचं. तो १९७९ पासून दिला जातो. लाल सोंगटी म्हणजे घरातल्या सगळ्यांना जमेल असा खेळ: कटान (१९९५), कार्कासोन (२००१), टिकट टू राइड (२००४), अझुल (२०१८) ही त्यातलीच नावं. काळपट राखाडी सोंगटी २०११ पासून आली. ती एक पायरी अवघड खेळांना मिळते. निळी लहान मुलांच्या खेळांना. दुकानात डबा हातात घेतलात तर आधी सोंगटीचा रंग बघा. काळपट दिसली तर तो तुमचा पहिला खेळ नको. याला एकच अपवाद, तो पुढे आहे.

पहिला खेळ कोणता घ्यावा?

बहुतेक जण सगळ्यात गाजलेला म्हणून कटान आणतात. खेळ उत्तम आहे, पण तो फक्त ३ किंवा ४ जणांचा. दोघांत चालत नाही, आणि पाच-सहा जणांसाठी वेगळा पुरवणी डबा घ्यावा लागतो. म्हणून आधी घरात नेहमी किती जण बसतात ते मोजा.

नेहमी दोघंच असाल तर लॉस्ट सिटीज किंवा जयपूर. तीन-चार जण असाल आणि त्यात दहा वर्षांचं पोर किंवा सासूबाई असतील तर कार्कासोन नाहीतर टिकट टू राइड. सहा ते दहा जण असतील, म्हणजे दिवाळीत मामा-मावश्या जमल्यावर, तर सिक्स निम्ट. कटान तिसरा-चौथा घ्या.

आमच्या घरी फक्त पत्ते चालतात. हे खेळ जमतील का?

तुम्हालाच सगळ्यांत लवकर जमतील. मेंढीकोट खेळणाऱ्याला हात म्हणजे काय, हुकूम म्हणजे काय, उतारीचाच रंग का टाकायचा, हे शिकवावं लागत नाही. आणि ‘द क्रू’ या खेळात अवघड भाग नेमका तेवढाच आहे.

द क्रू (२०१९, रचना थॉमस झिंग) हाच तो काळपट सोंगटीचा अपवाद. पानं ४०: चार रंगांची १ ते ९ आणि हुकमाची चार रॉकेटं. फरक एवढाच की सगळे एकाच बाजूचे. ‘हिरव्या ५ चा हात रमेशनेच घ्यायचा’ अशी कामगिरी ठरते आणि ती सगळ्यांनी मिळून पार पाडायची. ज्याच्याकडे ४ नंबरचं रॉकेट तो कप्तान. पहिली कामगिरी तो निवडतो आणि पहिली उतारीही त्याचीच.

बोलायचं नाही आणि भुवया उडवायच्या नाहीत. मेंढीकोटात भिडूला खुणावणाऱ्यांना हे फार जड जातं. प्रत्येकाला एका मोहिमेत, म्हणजे एका डावात, एकदाच, दोन हातांच्या मधे, एक पान उघडं ठेवता येतं. त्या रंगातलं ते माझं सगळ्यांत मोठं, सगळ्यांत लहान किंवा एकुलतं एक पान आहे, एवढंच सांगायचं. रॉकेट असं दाखवता येत नाही. आणि मधलं पानही दाखवता येत नाही, हे नव्यांना हमखास विसरायला होतं: तुमच्याकडे निळे ३, ६, ८ असतील तर ६ दाखवायची सोयच नाही.

रमीवाल्यांसाठी वेगळी सूचना. बोनान्झा (१९९७, उवे रोझेनबर्ग) या घेवड्याच्या शेतीच्या खेळात हातातल्या पानांचा क्रम बदलायचा नाही. ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने शेतात लावायची. नको असलेलं पान सौदा करून दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं. रमी खेळलेला माणूस पानं उचलताच सवयीने रंग लावून मोकळा होतो आणि डाव तिथेच बिघडतो. वाटण्याआधी हे दोनदा सांगा.

सिक्स निम्टमध्ये सगळे सुरुवातीला गोंधळतात. का?

कारण आपलं पान कुठे बसेल हे पान टाकताना पक्कं ठरलेलं नसतं. पानं १ ते १०४. प्रत्येकाला १०, आणि मधे चार ओळींची पहिली चार पानं. दहा जण असले की शंभर अधिक चार, एकही पान उरत नाही. सगळ्यांनी एकेक पान उपडं टाकायचं, एकदम उलटायचं आणि लहान आकड्यापासून ओळीत लावायचं. आपल्या पानापेक्षा लहान पण सर्वांत जवळचा आकडा ज्या ओळीच्या टोकाला असेल, त्या ओळीत ते जातं. ओळीत सहावं पान ज्याचं, त्याने आधीची पाच उचलायची.

उदाहरण बघा. ओळींची टोकं १२, ३७, ५८ आणि ९०. ५८ च्या ओळीत चार पानं आहेत. तुम्ही ६१ टाकलं. पाचवं बसेल, धोका नाही असा हिशेब. पण शेजारच्याने ५९ टाकलं. लहान म्हणून ते आधी लागलं आणि पाचवं झालं. तुमचं ६१ सहावं. पाच पानं तुमच्या पदरात.

उचललेल्या पानांवरची बैलाची डोकी मोजायची. ५५ वर ७, अकराच्या इतर पटींवर ५, दहाच्या पटींवर ३, पाचाने संपणाऱ्यांवर २, बाकी सगळ्यांवर १. कुणाची ६६ डोकी झाली की खेळ संपला. सगळ्यांत कमी डोकी असणारा जिंकला. पान चारही टोकांपेक्षा लहान असेल तर कुठलीही एक ओळ उचलून तिथे आपलं पान ठेवायचं. ही शिक्षा वाटते, पण एकच डोकं असलेली ओळ उचलून मोठी आपत्ती टाळता येते. लहान आकडे योग्य वेळेसाठी जपून ठेवण्यात यातली अर्धी हुशारी आहे.

कटान मांडायचा कसा? कुठे चुकतं?

क्लाउस टॉयबर यांच्या या खेळात जमिनीच्या १९ षटकोनी टाइल असतात: जंगल, कुरण आणि शेत प्रत्येकी ४, विटांच्या टेकड्या ३, खनिजाचे डोंगर ३ आणि वाळवंट १. वाळवंट सोडून १८ टाइलींवर आकड्यांच्या चकत्या. चकत्यांच्या मागे अक्षरं असतात. कोपऱ्यापासून घड्याळाच्या उलट दिशेने, वाळवंट वगळून, अक्षरांच्या क्रमाने मांडा. मनाला येईल तशा मांडल्या तर दोन लाल आकडे, म्हणजे ६ आणि ८, शेजारी-शेजारी येतात आणि तो कोपरा ज्याला मिळाला तोच जिंकतो.

सुरुवातीची जागा निवडणं हाच अर्धा खेळ. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ७ सहा वेळा येतो, ६ आणि ८ पाच-पाच वेळा, ५ आणि ९ चार, ४ आणि १० तीन, ३ आणि ११ दोन, २ आणि १२ एकेकदा. चकतीवरचे ठिपके हेच सांगतात. वस्ती ठेवताना भोवतीच्या तीन चकत्यांचे ठिपके जोडा. ६, ९ आणि ४ च्या तिठ्यावर ५, ४ आणि ३ मिळून १२ ठिपके होतात. ही फार चांगली जागा. ११, ३ आणि १२ च्या तिठ्यावर पाचच, तिथे बसणारा अर्धा डाव हात बांधून बसतो आणि मग म्हणतो, “हा काय खेळ आहे का बाप्पा!”

क्रम असा: पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाने एक वस्ती आणि एक रस्ता ठेवायचा. मग शेवटच्यापासून उलट्या क्रमाने दुसरी जोडी. सुरुवातीची मालाची पानं फक्त दुसऱ्या वस्तीभोवतीची मिळतात. दोन वस्त्यांमधे किमान दोन कडा हव्यातच, मग ती वस्ती तुमची असो की दुसऱ्याची.

रस्त्याला एक वीट आणि एक लाकूड. वस्तीला वीट, लाकूड, लोकर आणि धान्य एकेक. शहराला तीन खनिजं आणि दोन धान्यं. विकासाच्या पानाला खनिज, लोकर आणि धान्य एकेक. प्रत्येकाकडे वस्त्या पाचच असतात. त्या संपल्या की आधी एखादीचं शहर करा. ती वस्ती परत हातात येते.

कटानमध्ये ७ पडला की नेमकं काय करायचं?

ज्यांच्याकडे आठ किंवा जास्त पानं आहेत त्यांनी अर्धी टाकायची, अर्धं खाली धरून: नऊ असतील तर चार. सातवाले सुटले. मग फासे टाकणाऱ्याने दरोडेखोर दुसऱ्या टाइलवर हलवायचा आणि तिथे वस्ती असलेल्या एकाच्या हातातून न बघता एक पान ओढायचं. त्या टाइलचा आकडा पडला तरी दरोडेखोर असेपर्यंत कुणालाच काही मिळत नाही.

कटान आमच्याकडे दोन-अडीच तास चालतो. हे नेहमीचं आहे का?

नाही. साधारण सव्वा ते दीड तासात संपायला हवा. लांबण्याचं मुख्य कारण म्हणजे लोक सौदाच करत नाहीत. ‘त्याला वीट दिली तर तो पुढे जाईल’ म्हणून मूठ घट्ट धरून बसतात. मग सगळ्यांना बँकेचा ४ ला १ चा महाग भाव पडतो आणि कुणाचंच बांधकाम पुढे सरकत नाही. ज्याची पाळी त्याच्याशीच इतरांनी सौदा करायचा. बाकीच्यांनी आपसात करायचा नाही. हा नियम मोडला तरी गोंगाट होऊन वेळ जातो. आणखी एक कारण म्हणजे विकासाची पानं घ्यायला विसरणं. त्या २५ पानांत १४ सरदार आणि ५ थेट गुणांची असतात. तीन सरदार खेळले की सर्वांत मोठ्या सैन्याचे २ गुण. सर्वांत लांब रस्त्याचे २ गुण किमान पाच रस्त्यांवर. घेतलेलं पान त्याच पाळीत खेळता येत नाही.

कार्कासोनमधल्या शेतांचे गुण कुणालाच कळत नाहीत.

पहिल्या दोन डावांत शेतकरी, म्हणजे शेतात ठेवायची सोंगटी, ठेवूच नका. ७२ टाइल, प्रत्येकाला सात सोंगट्या आणि आठवी गुणफलकावर. टाइल लावा, हवं तर त्याच टाइलवर सोंगटी ठेवा, पुरं झालेल्याचे गुण मोजा. रस्त्याला टाइलमागे १, पुऱ्या शहराला टाइलमागे २ आणि प्रत्येक ढालीचे आणखी २, मठाला स्वतःसकट भोवतालच्या नऊ टाइलींचे ९. अपुरं शहर शेवटी टाइलमागे १ वर येतं.

मग शेतं घ्या. रस्ते, शहरांच्या भिंती आणि कडा यांनी वेढलेला हिरवा सलग भाग म्हणजे एक शेत. तिथे आडवी निजवलेली सोंगटी खेळ संपेपर्यंत उठत नाही, आणि त्या शेताला टेकणाऱ्या प्रत्येक पुऱ्या शहराचे ३ गुण देते. लोक चुकतात ते शेताच्या टाइली मोजायला लागतात म्हणून. टाइली विसरा, शहरं मोजा. चारपाच शहरांना टेकणारं शेत डाव फिरवतं, पण सुरुवातीलाच तीन शेतकरी निजवणाऱ्याकडे पुढे सोंगट्याच उरत नाहीत.

कार्कासोनमध्ये दुसऱ्याच्या शहरात सोंगटी ठेवता येते का?

थेट नाही. शेजारी वेगळं शहर सुरू करा आणि मधली टाइल लावून दोन्ही जोडा. सोंगट्या समान असतील तर दोघांनाही पूर्ण गुण मिळतात, अर्धे नाहीत.

टिकट टू राइडमध्ये छोटे मार्ग घ्यावेत की लांब?

हा रेल्वेमार्ग जोडायचा खेळ. सहा डब्यांच्या मार्गाला १५ गुण आणि एक डब्याच्या सहा मार्गांना मिळून ६, त्यामुळे जमेल तिथे लांब. पण डबे प्रत्येकी ४५ च आहेत आणि कुणाकडे दोन किंवा कमी उरले की त्याच्यासकट सगळ्यांना एकेकच पाळी मिळते. तिकिट म्हणजे दोन शहरं जोडण्याचं काम. अपुऱ्या तिकिटाचे गुण वजा होतात, हे शेवटी नवी तिकिटं उचलणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. खुलं ठेवलेलं इंजिनाचं पान उचललं की त्या पाळीत दुसरं पान नाही. दोघं-तिघं असताना जोडमार्गातला, म्हणजे त्याच दोन शहरांमधल्या शेजारच्या दोन मार्गांतला, एकच वापरायचा. हा नियम हमखास निसटतो आणि मग खेळात अडवाअडवीची गंमतच राहत नाही.

भारताचा नकाशाही मिळतो, दोन ते चार जणांसाठी. त्यात फक्त नकाशा आणि तिकिटं असतात. डबे आणि रंगीत पानं मूळ डब्यातलीच लागतात. तो एकटा मागवून फसू नका.

आजीला इंग्रजी येत नाही. काय खेळता येईल?

कार्कासोन, अझुल, स्प्लेंडर, सिक्स निम्ट यांच्या पानांवर-टाइलींवर वाचण्यासारखं काही नाही. कटानमध्ये फक्त विकासाच्या पानांवर मजकूर आहे. कामापुरता तो चार ओळींत मराठीत होतो: सरदार, दोन रस्ते फुकट, कुठलीही दोन पानं बँकेतून, एक माल सगळ्यांकडून. पान स्लीव्हमध्ये, म्हणजे पानाच्या मापाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, घालून पुढे चिठ्ठी सरकवा. मागची बाजू सगळ्यांची सारखीच दिसली पाहिजे.

नवख्यांना नियम कसे सांगावेत?

पुस्तक टेबलावर वाचू नका. पाहुणे यायच्या आधी टाइली-पानं वेगळी लावून ठेवा. आधी जिंकायचं कसं ते सांगा, मग पाळीत काय काय करता येतं, मग एक फेरी सगळ्यांनी पानं उघडी ठेवून खेळा. अपवाद ज्या क्षणी लागेल त्या क्षणी सांगा. हे सगळं दहा मिनिटांत झालं पाहिजे. एखादा प्रत्येक पाळीला पाच मिनिटं विचार करत असेल तर त्याला ‘लवकर कर’ म्हणू नका. पुढच्या माणसाला आधीच फासे, टाइल हातात द्या. पाळी येण्याआधी विचार करण्याची सवय आपोआप लागते.

कूलर लावला की बोर्ड वाकडा होतो. उपाय?

नागपूरच्या घरांत खेळांचं सर्वांत जास्त नुकसान कूलरच करतो. मे महिन्यात बाहेर हवा कोरडी ठणठणीत, आत कूलर ओलसर वारा सोडतो. पुठ्ठ्याच्या वरच्या छापील कागदावर चकाकीचा लेप असतो, खालचा कागद उघडा. खालचा जास्त ओल धरतो, फुगतो, वरचा तेवढा फुगत नाही. बोर्ड कमान धरतो. पावसाळ्यात हेच हळूहळू होतं.

खेळताना कूलरचा झोत टेबलावर येणार नाही असा बसा. पानं उडण्याचा प्रश्नही मिटतो. कूलर असलेल्या खोलीत डबे उघडे ठेवू नका. प्रत्येक डब्यात सिलिका जेलच्या दहा ग्रॅमच्या दोन पुड्या टाका आणि पावसाळा सुरू होताना बदला. वाकलेला बोर्ड सपाट फरशीवर दोन कोऱ्या कागदांमधे ठेवून वर जाड पुस्तकं ठेवा, दोन-तीन दिवस. उन्हात ठेवू नका, इस्त्री फिरवू नका, लेप सुटतो. आणि उन्हात उभ्या गाडीत डबा विसरू नका. स्लीव्ह चिकटतात, डिंक सुटतो.

कपाटात कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकल्या तर पानांना तो वास महिनोन्‌महिने येतो. कडुनिंबाचा सुकलेला पाला कापडी पुरचुंडीत ठेवणं बरं.

गुळगुळीत फरशीवर टाइली सरकतात. गांधीबागेच्या कापड बाजारातून जाडसर फेल्टचा मीटरभर तुकडा आणला की काम झालं. तर्रीपोहे मात्र डाव संपल्यावर. तर्रीचा डाग लेप नसलेल्या पुठ्ठ्यावरून जात नाही, आणि डाग पडलेलं पान पाठीवरून ओळखू येतं.

स्लीव्ह कोणत्या मापाचे घ्यायचे?

अंदाजाने घेऊ नका, पान मोजा. नेहमीची मापं ६३.५ × ८८ मिमी, ५९ × ९२ मिमी आणि लहान ४४ × ६८ मिमी. कटानची पानं ५४ × ८० मिमी असल्याने यातलं कुठलंच नीट बसत नाही. त्याचं माप वेगळं मागवावं लागतं.

नकली प्रत कशी ओळखायची?

पाठीकडून. कार्कासोनच्या टाइली उपड्या करून सगळ्या एकत्र पसरा. छटा कमीजास्त दिसत असतील किंवा काप एका बाजूला सरकला असेल तर प्रत नकली असण्याची दाट शक्यता. त्यात खेळाचंच नुकसान होतं, कारण मठाची टाइल पाठीवरून ओळखू येते. अशी प्रत घरात आलीच असेल तर टाइली अपारदर्शक कापडी पिशवीत घालून, न बघता काढा. नियमपुस्तकाची छपाई धूसर असणं, पानं सुळसुळीत आणि पातळ असणं, हीही लक्षणं.

पत्ते घरात नकोत, तो जुगार आहे, असं वडीलधारे म्हणतात.

या खेळांत पैसे लावत नाहीत. मोजतो ते गुण, मेंढ्या आणि बैलांची डोकी. एक डाव त्यांनाच वाटायला सांगा.

एखादी सोंगटी किंवा पान हरवलं तर?

सोंगटी, रस्ता, डबा हरवला तर त्याच आकाराचं काहीही चालतं. लुडोची गोटी, रंगवलेला लाकडी ठोकळा. पान हरवलं तर अडचण, कारण नवं पान पाठीवरून वेगळं दिसतं. मग सगळ्या कॅटालाच मागून अपारदर्शक स्लीव्ह घाला आणि हरवलेल्या पानाच्या जागी जाड कागदावर हाताने लिहिलेलं पान ठेवा. काही प्रकाशक सुटे भाग पाठवतात. त्यांना डब्यावरची आवृत्ती आणि साल कळवावं लागतं. म्हणून नवीन डबा उघडल्यावर टाकून द्यायच्या पुठ्ठ्याच्या चौकटी फेकण्याआधी सगळे भाग नियमपुस्तकातल्या यादीप्रमाणे मोजा. हरवलेल्या टाइलींपैकी कित्येक त्या चौकटीतच अडकलेल्या सापडतात.